खरा अजमास आणि मनाजोगा अजमास

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण आपल्या खेड्यापाड्यांत आबालवृद्धांस ठाऊक आहे. तिचा अर्थ उघड आहे. घराला किती खर्च येतो हे घर बांधल्यावाचून कळत नाही. आधी केलेले सारे हिशेब पुढे कोलमडतात आणि मनुष्य शहाणा होतो तो काम संपल्यावर. याच्या उलट लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. काम तडीस जाईल इतके आपल्यापाशी आहे की नाही, हे त्याने आधी बसून पाहावे. नाहीतर पाया घालून पुढे थांबल्यावर पाहणारे त्यास हसतील, असे त्यात प्रभू सांगतो. म्हण सांगते की आधी कळत नाही. दृष्टांत सांगतो की आधी कळून घे. मग ह्या दोहोंत विरोध आहे काय? आणि ज्याचा अजमास चुकला त्यास केवळ दुर्दैवी म्हणावे, की दोषी म्हणावे? ह्या प्रश्नाचा विचार आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

हा प्रश्न विद्वानांच्या वादाचा नव्हे. खेड्यात घर बहुधा मालक स्वतःच बांधतो. सर्व काम गुत्तेदारास सोपवून मोकळे व्हावे इतका पैसा त्याच्यापाशी नसतो. वीट तो स्वतः पाहून आणतो, वाळूसाठी तोच खेपा घालतो, गवंड्याची मजुरी तोच ठरवतो, आणि बिगाऱ्याच्या जागी घरची माणसे उभी करतो. सरकारी साहाय्याची रीतही अशीच आहे. १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत, आणि तिच्या जागी २०१६ साली आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेत, घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, गुत्तेदार नेमू नये, असाच नियम ठेवण्यात आला. ह्या दुसऱ्या योजनेत सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये व डोंगराळ प्रदेशासाठी १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरले. घराचे क्षेत्र निदान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट, असावे असे ठरले. आणि पैसा एकरकमी न देता काम जसजसे वर चढेल तसतसा हप्त्यांनी देण्याची रीत घातली गेली. तेव्हा ज्याचे काम जोत्यावर अडले, त्याचा पुढचा हप्ताही अडतो. जोत्यावर गवत वाढलेली, भिंती छातीइतक्या येऊन थांबलेली, सळया आभाळाकडे तोंड करून गंजत उभ्या असलेली घरे ज्याने पाहिली नाहीत, असा वाचक विरळा. अशा प्रत्येक घरामागे सावकाराचे किंवा सोसायटीचे कर्ज आहे, मोडलेला दागिना आहे, आणि कित्येकदा नवराबायकोमधला अबोलाही आहे. म्हणून अजमासाचा प्रश्न हा कागदापेन्सिलीचा प्रश्न नसून कुटुंबाच्या सुखदुःखाचा प्रश्न होय.

प्रथम अजमास म्हणजे काय हे नीट पाहिले पाहिजे. घराच्या साहित्याचा जो अंदाज आपण करतो त्यात तीन प्रकारच्या गोष्टी मिसळलेल्या असतात. काही गोष्टी मोजता येतात. काही गोष्टी आपल्यास ठाऊक नसतात, परंतु विचारल्याने किंवा तपासल्याने कळतात. आणि काही गोष्टी कितीही विचारले तरी आज कळणाऱ्या नसतात. ह्या तिहींविषयी मनुष्याचे कर्तव्यही तीन प्रकारचे आहे. पहिल्या मोजाव्या, दुसऱ्या विचाराव्या, आणि तिसऱ्या उघडपणे कबूल कराव्या. म्हण बोलते ती तिसरीविषयी. दृष्टांत बोलतो तो पहिल्या दोहोंविषयी. ही विभागणी लक्षात ठेवली म्हणजे दोहोंतील विरोध मावळतो, आणि दोष कोठे लागतो व कोठे लागत नाही हेही दिसू लागते.

मोजण्याचे एक साधे उदाहरण घ्या. आतून १२ फूट लांब व १० फूट रुंद अशी एक खोली आहे. भिंत ९ इंच जाड व १० फूट उंच. चारही भिंती बाहेरून मोजल्या, तर साडेतेरा फुटांच्या दोन आणि साडेअकरा फुटांच्या दोन, मिळून ५० फूट भरतात. परंतु असे मोजताना चारही कोपरे दोनदा धरले जातात. लांब भिंती बाहेरून आणि आखूड भिंती आतून मोजाव्या, म्हणजे २७ आणि २० मिळून ४७ फूट येतात. तीन फुटांचा हा फरक क्षुल्लक वाटतो. पण सांध्यातील मसाल्यासह वीट ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद व ३ इंच उंच धरली, तर एका घनफुटास सुमारे १४.२ विटा लागतात. आणि त्या हिशेबाने तीन फुटांच्या भिंतीच्या ३२० विटा होतात. आता ३ फूट रुंद व ७ फूट उंच असे एक दार, आणि ४ फुटांच्या दोन चौरस खिडक्या यांची जागा वजा करा. साडेपाचशेंहून अधिक विटा त्यात कमी होतात. सरतेशेवटी भिंतींस सुमारे ४,४५० विटा लागतात, आणि फुटतूट शेकडा ५ धरली तर ४,६७० मागवाव्या लागतात. दारावरील तुळईचा हिशेब आम्ही सोपेपणासाठी येथे सोडला आहे. हे गणित शाळेत शिकणाऱ्या मुलीसही करता येईल.

आणि त्यातच आमचा मुद्दा आहे. मोजमापातील चूक ही सर्व चुकांमध्ये निर्दोष चूक होय, कारण ती दुसऱ्यास दाखवली की सुधारते. परंतु घरचा कर्ता पुरुष आपला कागद कोणास दाखवीत नाही. आठवीतल्या मुलीने बापाचा हिशेब तपासावा, बायकोने त्यात बोट घालावे, हे त्यास कमीपणाचे वाटते. तेव्हा चार कोपरे दोनदा मोजले हा दोष नव्हे. तो कागद घडी घालून खिशात ठेवला हा दोष.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. ज्या गोष्टी विचारल्याने कळतात त्या न विचारण्याची खोड मनुष्यास का लागते? वाळूचे पाहा. आपल्याकडे वाळू ब्रासने विकतात आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट. परंतु वाळू ओलसर असली म्हणजे फुगते. शेकडा ५ च्या सुमारास ओल असता तिचे आकारमान सुमारे पाव हिश्श्याने वाढते. बारीक वाळू याहूनही अधिक फुगते. म्हणजे जी वाळू १०० घनफूट म्हणून पडली, ती कोरड्या मापाने ८० घनफूटच भरते. यात विकणाऱ्याने फसवलेच असे नाही. माप खरे आणि माल कमी, अशी ही विलक्षण गोष्ट आहे. हे तपासण्यास यंत्र लागत नाही. सरळ कडांच्या डब्यात ओलसर वाळू भरून तिची उंची मोजावी, मग ती काढून त्याच डब्यात अर्धे पाणी घ्यावे आणि वाळू त्यात पुन्हा सोडून ढवळावी. पूर्ण भिजलेली वाळू पुन्हा आपल्या मूळ मापावर बसते. आधी २० सेंटिमीटर होती ती १६ वर आली, तर पाव हिस्सा फुगवटा होता असे समजावे. विटांचेही तसेच. भट्टीची प्रत्येक वीट सारखी नसते. म्हणून एक वीट न मोजता वीस विटा ओळीने मांडून मोजाव्या आणि मग सरासरी काढावी.

जमिनीविषयी तर हे फारच खरे आहे. आपल्या देशावरील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पाया टेकवला तर दोन पावसाळ्यांत भिंतीस तडा जातो. पाया खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला पाहिजे. आणि मुरूम तीन फुटांवर लागेल की सात फुटांवर, हे घरी बसून सांगता येत नाही. मग बहुतेक लोक काय करतात? ते तीन फूट धरतात. शेजाऱ्यास तीन फुटांवर लागला म्हणून नव्हे, तर तीन फूट परवडतात म्हणून. येथे अजमास जमिनीकडे न पाहता खिशाकडे पाहून केला जातो, आणि ह्यालाच आम्ही मनाजोगा अजमास म्हणतो. एका दिवसाच्या मजुरीत एक खड्डा खणून पाहता आला असता. तो का खणला नाही? कारण खड्डा कदाचित नको ते उत्तर देईल, अशी भीती होती. ज्यास उत्तर माहीत नाही तो अज्ञानी. पण ज्याने उत्तर मिळू नये म्हणून प्रश्नच विचारला नाही, तो अज्ञानी नव्हे. त्यास आतून ठाऊक असते.

ह्या ठिकाणी किल्लारीची आठवण काढल्यावाचून पुढे जाववत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली असता, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावांवर ६.२ तीव्रतेचा भूकंप आला आणि हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. त्या घरांस साहित्य कमी पडले होते काय? मुळीच नाही. भिंती दोन फुटांहून जाड होत्या, आणि छपरावर लाकडावर टाकलेला मातीचा जाड थर होता. उन्हापासून व चोरापासून असे घर उत्तम राखण करते. परंतु दगड मातीत बसवलेले होते. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या अंगांस बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नव्हते. आणि माथ्यावरचे ओझे प्रचंड होते. भिंतीची दोन्ही अंगे फाकली आणि छप्पर खाली बसले. ज्यांच्यापाशी साहित्य थोडे होते अशा गरिबांच्या हलक्या झोपड्यांत मात्र माणसे बचावली. यावरून साहित्याचा अजमास म्हणजे केवळ किती याचा हिशेब नव्हे, तर काय कशाशी बांधले जाणार याचाही हिशेब होय, हे दिसून येते.

जे तेथे मेले त्यांस आम्ही दोष देत नाही, व कोणी देऊ नये. त्यांनी बापजाद्यांच्या रीतीने बांधले. सरकारी नकाशातही तो भाग त्या वेळी भूकंपाच्या अगदी कमी धोक्याच्या पहिल्या वर्गात धरलेला होता. तो वर्गच पुढे २००२ साली काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा प्रदेश तिसऱ्या वर्गात आला. १९९३ च्या आधी जे अज्ञान होते ते निरपराध होते. परंतु आज जो कोणी मराठवाड्यात दगडमातीची भिंत रचतो आणि आरपार दगडाचा खर्च कागदावर मांडीत नाही, तो त्याच अज्ञानाचा आसरा घेऊ शकत नाही. ज्ञान आल्याबरोबर जबाबदारी येते. मेलेल्यांच्या दुःखातून जे शिकायला मिळाले ते न शिकणे, हा त्यांच्या स्मृतीचाही अपमान आहे.

तिसऱ्या प्रकारच्या गोष्टी, म्हणजे ज्या आज कळणारच नाहीत, त्यांविषयी थोडक्यात सांगतो. सळईचा भाव पुढील महिन्यात काय असेल, पाऊस लवकर लागेल काय, गवंडी मध्येच दुसऱ्या कामावर जाईल काय, हे कोणीही सांगू शकत नाही. येथे आपली म्हण अगदी खरी आहे. परंतु न कळणे वेगळे आणि न कळणारे काहीच नाही असे वागणे वेगळे. एकूण खर्चावर दहावा किंवा आठवा हिस्सा अनपेक्षित खर्चासाठी म्हणून वेगळा मांडावा, व तो घरातील सर्वांस सांगावा. ही रक्कम म्हणजे पैशाच्या रूपाने दिलेली प्रांजळ कबुली होय. मी सर्वज्ञ नाही, एवढेच ती सांगते. ज्याच्या कागदावर ही ओळ नाही, त्याने स्वतःस देवाच्या जागी बसवले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो. मनाजोग्या अजमासात काय गळते, हे वाचकांनी कधी न्याहाळले आहे काय? विटा गळत नाहीत. दरवाजाची चौकट गळत नाही. समोरच्या भिंतीचा रंग तर कधीच गळत नाही. जे लोकांस दिसणार आहे ते सर्व कागदावर चढते. गळते ते पुढीलप्रमाणे. सेंट्रिंगच्या फळ्यांचे व टेकूंचे भाडे गळते. माल उतरवण्याची हमाली गळते. संडासाची टाकी गळते. आणि पाणी तर हटकून गळते. सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्यास कालवणासाठीच सुमारे २५ लिटर पाणी लागते, आणि त्यानंतर ते काम साध्या सिमेंटचे असल्यास निदान ७ दिवस व मिश्र सिमेंटचे असल्यास निदान १० दिवस ओले ठेवावे लागते. चैत्रवैशाखात हे पाणी कोठून येते? ते घरातील बायकामुलींच्या डोक्यावरून येते. त्या खेपांची किंमत कोणत्याही कागदावर नसते, कारण त्या खेपांस कोणी मजुरी मागत नाही. जे फुकट मिळते ते मोजायचे कशाला, असे कर्त्या पुरुषास वाटते. परंतु ज्या श्रमाचे मोल मांडले नाही तो श्रम फुकट होत नाही. त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी दिलेली असते, एवढेच.

तसाच छपरावरील कठडा. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात असा नियम आहे की, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याभोवती कठडा घालावा, म्हणजे वरून कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. हा नियम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. कठडा हा मालकाच्या ऐटीसाठी नसतो आणि त्याने घराची मजबुतीही वाढत नाही. तो असतो शेजाऱ्याच्या लेकरासाठी, उन्हात वाळवण घालायला वर चढलेल्या सुनेसाठी, उकाड्यात गच्चीवर निजलेल्या पाहुण्यासाठी. म्हणूनच पैसे संपत आले की आधी तोच सोडला जातो. पुढच्या वर्षी घालू, असे म्हणतात. घराच्या अजमासात दुसऱ्यांसाठी काय धरले आहे, ही त्या अजमासाच्या खरेपणाची पहिली कसोटी होय.

शिवाय बांधकामाचा क्रमच असा आहे की, कमी धरल्याचा भार शेवटच्या कामावर येऊन पडतो. पाया आधी, भिंती मग, स्लॅब सर्वांत शेवटी. पैसा आटतो तो नेमका जेथे डोक्यावरचे ओझे पेलायचे आहे तेथे. मग गवंड्यास हळूच सांगितले जाते की, १२ मिलिमीटरच्या सळईऐवजी १० मिलिमीटरची टाक, कोणास कळते! १२ ची सळई मीटरला सुमारे ८८८ ग्रॅम भरते आणि १० ची ६१७ ग्रॅम. म्हणजे शेकडा ३० लोखंड वाचले. परंतु सळईचे बळ तिच्या जाडीच्या क्षेत्रावर असते, आणि तेही त्याच प्रमाणात, शेकडा ३० नेच, घटले. लोखंडात जेवढे वाचले तेवढेच बळात गमावले. आणि गमावणारे ते नव्हेत ज्यांनी वाचवले, तर ते जे वीस वर्षांनी त्या छपराखाली निजतील. दुसरे ओझे पडते मजुरावर. हिशेब आटला की सिमेंटवाला उधारी थांबवतो, सळईवाला माल देत नाही. थांबवून ठेवता येतो तो फक्त बिगाऱ्याचा पगार. यिर्मयाच्या २२ व्या अध्यायात अन्यायाने घर बांधणाऱ्याविषयी व शेजाऱ्याकडून वेतनावाचून काम करून घेणाऱ्याविषयी जो धिक्कार आहे, तो राजास उद्देशून आहे खरा; परंतु तो दोन खोल्यांच्या मालकासही लागू पडतो. त्या मालकाच्या मनात अन्याय नव्हता. अन्याय त्याच्या अजमासात होता, तो त्यास दिसला नाही.

वाळूविषयी आणखी एक शब्द. स्वस्त अजमासात पुष्कळ वेळा रात्री येणाऱ्या वाळूचा भाव धरलेला असतो. नदीच्या पात्रातून परवान्यावाचून उपसलेली वाळू स्वस्त पडते, कारण तिची खरी किंमत नदीकाठच्या विहिरी देतात. वाळू गेली की पात्रात पाणी मुरत नाही आणि विहिरी आटतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातील वाळूउपशासही पर्यावरणखात्याची आधी परवानगी हवी असे ठरवले, ते ह्याच हानीकडे पाहून. चोरीच्या भावाने केलेला अजमास गणिताने बरोबर आला तरी खरा नव्हे.

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक आहे. परंतु असा पुरा हिशेब मांडला तर गरिबाचे घर कधीच उभे राहणार नाही. आकडा पाहूनच त्याचे हातपाय गळतील. थोडे डोळे झाकून, देवावर भरवसा ठेवून सुरुवात केली, तरच काही होते. ह्या आक्षेपात वजन आहे, व तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुष्कळ भली माणसे अशीच घरे बांधून राहिली आहेत. तरी आम्हांस वाटते की, येथे भरवसा आणि डोळेझाक ह्या दोन गोष्टींची गल्लत होते. आपल्यापाशी जे नाही ते मिळेल अशी आशा करणे हा भरवसा. जे लागणारच आहे ते लागणार नाही असे मानणे ही डोळेझाक. पहिल्यात मनुष्य देवापुढे आपली उणीव मांडतो, दुसऱ्यात तो ती स्वतःपासून लपवतो. आणि पुरा आकडा दिसल्यावर एकच वाट उरते असेही नाही. घर लहान करता येते. तीन खोल्यांचा सांगाडा उभा करून थांबण्यापेक्षा एक खोली पायापासून कठड्यापर्यंत पुरी करावी, आणि पुढच्या खोलीसाठी भिंतीच्या टोकास विटा दातांसारख्या मागेपुढे सोडून ठेवाव्या. हे दात म्हणजे आशा होय. पण ती पुऱ्या झालेल्या भिंतीला जोडलेली आशा आहे.

साहित्य कमी करण्याचीही प्रामाणिक रीत असते. लॉरी बेकर हे इंग्रज स्थापत्यकार १९४५ साली कुष्ठरोग्यांमध्ये काम करणाऱ्या मिशनच्या इमारती बांधण्यासाठी हिंदुस्थानात आले, पुढे केरळात स्थायिक झाले, आणि २००७ साली तेथेच वारले. गरिबास परवडतील अशी घरे बांधण्यात त्यांनी आयुष्य घालवले. विटा सपाट न ठेवता कडेवर उभ्या ठेवून भिंतीच्या पोटात पोकळी सोडण्याची एक पद्धत त्यांनी पुष्कळ वापरली. तिने सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात, आणि घरही थंड राहते. जेथे जमीन व हवा अनुकूल असेल आणि गवंड्यास ती कला येत असेल, तेथे ती वापरावी. विचार करून कमी करणे आणि न विचारता कमी धरणे यांत जो भेद आहे तो येथे स्पष्ट दिसतो. बेकर यांनी वीट वाचवली ती हिशेबातून लपवून नव्हे, तर भिंतीतून काढून. आणि ती काढल्यावर भिंत उभी राहील याची खात्री करून.

याच्या उलट टोकास जाणारेही लोक आहेत. कमी पडू नये म्हणून ते सर्वच दीडपट मागवतात. हाही खरेपणा नव्हे, भय आहे. सिमेंट साठवून ठेवले तर तीन महिन्यांत त्याचे सुमारे पाचवा हिस्सा बळ जाते असे बांधकामात मानतात, आणि पावसाळ्यात ओल लागली तर पोत्याचा दगड होतो. शेकडा ५ विटा फुटतील असे धरणे हे शहाणपण. शेकडा ३० धरणे म्हणजे विटांवर, गवंड्यावर आणि देवावर, कोणावरच विश्वास नसणे. आणि अधिक कर्ज मिळावे म्हणून जो अजमास फुगवतो, त्याचे वागणे ओल्या वाळूसारखे आहे. माप भरते, आत हवा असते.

असो. आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल असे आम्हांस वाटते. ज्याचा अजमास चुकला तो दोषी काय? आकडा चुकला एवढ्यावरून नव्हे. ज्याने मोजले व दुसऱ्यास तपासू दिले, ज्याने विचारले व खड्डा खणून पाहिला, आणि जे कळत नव्हते ते कळत नाही असे सांगितले, त्याचे घर अर्धे राहिले तरी तो निर्दोष आहे. मंडळीने त्यास हसू नये, त्याच्या भिंतीस हात लावावा. परंतु ज्याने आपल्या इच्छेस आकड्यांचे कपडे चढवले आणि उरलेला भार बायकोच्या डोक्यावर, बिगाऱ्याच्या पगारावर व मुलांच्या माथ्यावरील छपरावर टाकला, त्याचे घर पुरे झाले तरी तो निर्दोष नाही. घर पुरे होणे हा खऱ्या अजमासाचा पुरावा नव्हे. घर कोणाच्या जिवावर पुरे झाले, हे पाहावे लागते.

तेव्हा ज्या बंधूंच्या मनात यंदा घर बांधावयाचे आहे त्यांस आमची एवढीच विनंती आहे. दिवाळीनंतर काम धरण्याआधी एक संध्याकाळ काढावी. हिशेबाचा कागद कंदिलापुढे किंवा दिव्याखाली मांडून घरातील सर्वांस बोलवावे, आणि तो मोठ्याने वाचावा. पाण्याच्या खेपा कोण घालणार, त्या किती, हेही त्यात लिहावे. बिगाऱ्याची मजुरी पहिल्या ओळीत लिहावी, शेवटच्या नव्हे. कठड्यापुढे आकडा घालावा. आणि वाचून झाल्यावर घरातल्या सर्वांत लहानास विचारावे की, ह्यात काही राहिले काय? त्या प्रश्नावर जो कागद टिकेल त्याच्यावर घर टिकेल.